दहावा हिस्सा : इंजिनाच्या तेलाची बायपास गाळणी आणि तिचा इतिहास

(व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्यातील पुनरुक्ती थोडी कमी केली आहे.)



विषय फलकावर वाचून दोन-तीन जणांनी मला मघाशी दारातच अडवलं. म्हणाले, सर, तुम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, हे गॅरेजचं काय मध्येच काढलंत? एकांना तर वाटलं की ‘बायपास’ म्हणजे माझं हृदयाचं ऑपरेशन झालंय आणि त्यावर मी बोलणार आहे. (हशा) दुसरे म्हणाले, हायवेच्या बायपासबद्दल असेल, जमिनी कोणाच्या गेल्या वगैरे. तर दोन्ही नाही. मोटारीच्या इंजिनात जे तेल फिरतं, ते गाळायची एक जुनी पद्धत आहे, तिला बायपास गाळणी म्हणतात. तिचा इतिहास सांगायचा आहे. आणि त्या इतिहासात आमच्या घरचं एक प्रकरण आहे, ते मी चाळीस वर्षं कोणासमोर बोललो नाही. ते शेवटी येईल. मध्येही येईल कदाचित.

सुरुवात बैलगाडीपासून करू. माझ्या पिढीतल्या लोकांना आठवत असेल, गाडीला वंगणाचा नळा टांगलेला असायचा. त्यात एरंडीचं तेल, एक काडी, काडीला चिंधी. वाटेत चाक कुरकुरलं की गाडीवान उतरायचा, चाक थोडं सरकवायचा, आसाला वंगण द्यायचा. ते वंगण आसावर घासलं जायचं, काळं व्हायचं, गळून मातीत पडायचं. नवं घालायचं. तेल परत गोळा करून गाळावं आणि पुन्हा घालावं, हा विचार कोणाच्या मनात आला नाही, कारण गरजच नव्हती. वंगण म्हणजे खर्च होणारी वस्तू.

मोटारीच्या इंजिनानं हे बदललं. तिथे तेच तेल फिरतं. खाली चेंबर असतो, त्यातून पंप तेल उचलतो, क्रँकच्या बेरिंगांना देतो, कॅमला देतो, वरच्या टॅपेटना देतो, आणि सगळं पुन्हा खाली टपकत चेंबरमध्ये येतं. मिनिटाला कितीतरी वेळा. म्हणजे घाण झालेलं तेलच पुन्हा त्या बेरिंगाला भेटतं. बैलगाडीचं वंगण मेलं की मेलं. मोटारीच्या वंगणाला पुनर्जन्म आहे, आणि कर्माचं गाठोडं बरोबर घेऊन. (हशा) असो, माझी सवय जात नाही.

आता हे गाठोडं कशाचं? तीन-चार गोष्टी. पहिली म्हणजे धूळ, हवेबरोबर आत आलेली. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात कशी उडते, ते मी खामगाव-नांदुऱ्याच्या लोकांना सांगायला नको. दुसरी, धातूची झीज, म्हणजे इंजिनाचा स्वतःचाच चुरा. तिसरी, काजळी, डिझेलमध्ये फार, म्हणून डिझेलचं तेल दोन दिवसांत काळं पडतं. चौथी, पाणी, न जळलेलं इंधन आणि त्यातून तयार होणारी आम्लं. या यादीतल्या पहिल्या तीन गोष्टी गाळता येतात. चौथीतलं पाणी कागद-कापसात थोडं शोषलं जातं, पण आम्ल आणि इंधन गाळून निघत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

सुरुवातीच्या मोटारींना गाळणी नव्हतीच. हेन्री फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ पर्यंत बनत होती, लाखोंनी खपली. तिला तेलाचा पंपसुद्धा नव्हता. फिरणाऱ्या चक्रानं तेल उडायचं आणि उताराने पोचायचं. तेल वारंवार बदलायचं, एवढाच उपाय. आपल्याकडच्या विहिरींवर जी छोटी डिझेल इंजिनं बसली, त्यांतल्या बऱ्याच इंजिनांतही गाळणी म्हणजे तेल ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी एक तारेची जाळी, बस. त्या जाळीतून वाळूचा मोठा कण अडतो, खरी शत्रू असलेली बारीक धूळ नाही.

तेलाच्या गाळणीचा खरा इतिहास १९२३ मध्ये सुरू होतो, अमेरिकेत. अर्नेस्ट स्वीटलँड नावाचा एक शोधक होता. मोटारीचा माणूस नव्हे तो. कारखान्यांत द्रव गाळायची मोठी यंत्रं बनवण्यात त्याचं नाव झालेलं होतं. त्यानं आणि जॉर्ज ग्रीनहॉल्घ या भागीदारानं मोटारीच्या तेलासाठी गाळणी काढली आणि नाव ठेवलं ‘प्युरोलेटर’. ‘प्युअर ऑइल लेटर’, म्हणजे ‘नंतर शुद्ध तेल’, याचं ते लघुरूप. १९२४ च्या क्रायस्लर गाडीत तेलाची गाळणी आली आणि मग ती हळूहळू सगळीकडे पसरली.

आणि इथेच आजच्या विषयाचा गाभा आहे. त्या काळच्या, म्हणजे विसाच्या, तिसाच्या दशकातल्या बहुतेक गाळण्या बायपास होत्या. पंपातून निघालेलं तेल सरळ बेरिंगांकडे जायचं, न गाळता. त्यातला एक छोटा हिस्सा, समजा दहावा किंवा त्याहूनही कमी, बाजूच्या बारीक नळीतून गाळणीत जायचा आणि तिथून बेरिंगांकडे न जाता परत चेंबरमध्ये पडायचा. मुख्य रस्त्याला वळसा घालून. म्हणून बायपास.

असं का केलं? भीतीपोटी, आणि ती भीती योग्य होती. गाळणी बारीक असेल तर तेल तिच्यातून कष्टानं जातं. थंडीत सकाळी तेल काकवीसारखं झालेलं असतं, तेव्हा तर जातच नाही. सगळं तेल गाळणीतूनच पाठवायचं ठरवलं आणि गाळणी तुंबली, तर बेरिंग उपाशी मरणार. घाणेरडं तेल बेरिंगाला हळूहळू मारतं, तेल नसणं दोन मिनिटांत मारतं. तेव्हा त्यांनी बेरिंगाचा घास तोडला नाही. बाजूनं थोडं थोडं साफ करत राहू, असं म्हटलं.

इथे शब्दाचा एक घोळ आहे तो सोडवून पुढे जातो, कारण त्यामुळे भल्याभल्या मिस्त्रींची गल्लत होते. आजच्या गाडीला जी गोल डब्याची गाळणी फिरवून लावतात, तिच्यात एक ‘बायपास व्हॉल्व्ह’ असतो. त्याचा आणि बायपास गाळणीचा संबंध नाही. तो व्हॉल्व्ह म्हणजे संकटकाळचा दरवाजा. गाळणी तुंबली किंवा तेल फार घट्ट असलं, तर तो उघडतो आणि न गाळलेलं तेल बेरिंगांना जाऊ देतो. एका ठिकाणी ‘बायपास’ म्हणजे गाळणीला वळसा, दुसऱ्या ठिकाणी ‘बायपास’ म्हणजे बेरिंगांना वळसा. एकच शब्द, उलट अर्थ. आमच्या शास्त्रात निम्मी भांडणं अशीच असतात.

आता गाळणीत भरायचं काय? सुरुवातीला कापडी पाने होती, मग कापसाचा धागा, सूतगिरणीतलं टाकाऊ सूत. जाड थर करून डब्यात ठासून भरायचं. तेल त्या थरातून झिरपायचं, वाट शोधत, आणि खोलवर कुठेतरी घाण अडकायची. याला खोलीची गाळणी म्हणता येईल. जाळीसारखी पृष्ठभागाची नाही. विक्स ही नावाजलेली फिल्टर कंपनी १९३९ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या गॅस्टोनिया गावात निघाली. गॅस्टोनिया हे सूतगिरण्यांचं गाव. तिथे फिल्टर कंपनी निघावी, यात मला तरी नवल वाटत नाही.

मला हे वाचताना आपलं खामगाव आठवतं. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस थांबला, आणि वऱ्हाडच्या कापसाला भाव आला. १८७० मध्ये जलंब ते खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, त्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः इथे आला होता. कापूस गाठींनी गेला, कापड होऊन परत आला, हे आपण शाळेत शिकलो. आपला आखूड धाग्याचा कापूस जाडंभरडं सूत काढायला चांगला, बारीक कापडाला नाही. आणि गाळणीला जाडंभरडंच लागतं. पण ‘आपल्याकडे कापूस आहे’ एवढ्यानं गाळणी होत नाही, याचा दाखला पुढे आहे.

आपल्या भागात ही बायपास गाळणी आली ती मुख्यतः जीपमधून. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला तेलाची गाळणी होती, ती बायपास. इंजिनाच्या बाजूला उभा डबा, त्याला दोन बारीक नळ्या. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीपा लिलावात निघाल्या, आणि पुढे महिंद्रांनी मुंबईत विलीजच्या जीपा बांधायला घेतल्या. साठ-सत्तरच्या दशकात आपल्या जिल्ह्यात तालुक्याला जीप म्हणजे सरकार. तहसीलदार जीपमधून, फौजदार जीपमधून, प्रचार जीपमधून. त्या जीपच्या बॉनेटखाली तो डबा होता, आणि निम्म्या जीपांत तो बंद केलेला होता.

बंद का? मिस्त्री म्हणायचे, ‘शोभेची वस्तू आहे ती. दहावा हिस्सा तेल गाळते. नऊ हिस्से तसेच जातात. काय उपयोग?’ डब्यातलं आतलं काडतूस महाग, मिळायचं मुंबईहून. मग नळ्या दाबून बंद.

या मिस्त्रींच्या युक्तिवादात एक तर्कदोष आहे, तो फार मजेचा आहे. त्यांनी दराला वाटा समजलं. दहावा हिस्सा म्हणजे चेंबरमधल्या तेलाचा दहावा हिस्सा कायमचा नव्हे. दर मिनिटाला जेवढं तेल पंपातून जातं, त्याचा दहावा. आता हिशोब करा. पंप मिनिटाला २० लिटर तेल फिरवतो असं धरू. बायपासमधून २ लिटर जातं. चेंबरमध्ये तेल ५ लिटर. म्हणजे अडीच मिनिटांत ५ लिटर तेल गाळणीतून गेलं. तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळं गाळलं गेलं. नाही. गाळलेलं तेल परत चेंबरमध्ये पडून मिसळतं, तेव्हा काही तेल दोनदा जातं आणि काही एकदाही जात नाही. हौदातून तांब्यानं पाणी काढा, गाळा, परत हौदात ओता, तसंच. या मिसळण्याचा हिशोब केला तर अडीच मिनिटांत १०० पैकी सुमारे ६३ भाग एकदा तरी गाळले जातात. ३७ राहतात. पाच मिनिटांनी साधारण साडेतेरा राहतात. साडेबारा मिनिटांनी? एकही पुरता उरत नाही, शंभरातला एकापेक्षा कमी. मलकापूरहून निघालेली जीप मोताळ्याला पोचायच्या आत सगळं तेल गाळणी पाहून आलेलं असतं.

आणि दुसरी गोष्ट. सगळं तेल ज्या गाळणीतून जातं, म्हणजे फुल-फ्लो, तिला भोकं मोठी ठेवावीच लागतात. साधारण २० ते ३० मायक्रॉनचे कण ती नीट अडवते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस सत्तरएक मायक्रॉनचा धरा. पण बेरिंग आणि क्रँक यांच्यामधला तेलाचा पडदा किती जाड? वजन पडलं की काही मायक्रॉन फक्त. म्हणजे ५-१० मायक्रॉनचा कण, जो मोठ्या गाळणीतून आरामात निसटतो, तोच त्या फटीत जाऊन दोन्हीकडे ओरखडे काढतो. बायपास गाळणीला घाई नाही, ती घट्ट ठेवता येते, ती हे बारीक कण पकडते. एक रोज सगळं गाव वरवर झाडतो, दुसरा रोज एकच गल्ली काढतो पण कोपऱ्यांतलं निपटून. कोण चांगला? दोघंही लागतात.

१९८८ मध्ये जनरल मोटर्सच्या एका इंजिनिअरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष असा की ४० मायक्रॉनच्या गाळणीऐवजी ३० ची लावली तर झीज निम्मी होते, आणि १५ ची लावली तर सत्तर टक्क्यांनी कमी होते. बायपास किट विकणारे हा आकडा सगळीकडे देतात. देताना हे सांगत नाहीत की प्रयोगात मुद्दाम धूळ घालून इंजिन पळवतात. तुमच्या इंजिनात तेवढी धूळ येतच नसेल, तर तेवढा फायदाही नाही.

मग इतकी चांगली ही गाळणी गेली कुठे? चाळीस-पन्नासच्या दशकांत दोन-तीन गोष्टी एकदम झाल्या. घड्या घातलेल्या कागदाची गाळणी आली. थोड्या जागेत खूप पृष्ठभाग, त्यामुळे सगळं तेल तिच्यातून जाऊ शकलं. संकटकाळचा तो व्हॉल्व्ह आला, त्यामुळे भीती गेली. १९५४ मध्ये विक्सनं फिरवून लावायची डब्याची गाळणी काढली, जी आज सगळीकडे आहे. हात काळे न करता बदलता येते. आणि तेलच बदललं. १९३५ मध्ये डिझेल इंजिनांसाठी ‘डेलो’ नावाचं तेल अमेरिकेत आलं, त्यात घाण धुऊन काढणारं आणि तरंगत ठेवणारं रसायन होतं. पूर्वी काजळीचे गोळे होऊन पिस्टनच्या रिंगा अडकायच्या. आता काजळी इतकी बारीक होऊन तेलात तरंगते की ती बेरिंगाला फारशी लागत नाही. तेल काळं दिसतं, पण काळं असणं म्हणजे वाईट असणं नव्हे. ही गोष्ट आपल्या लोकांना पटवणं फार कठीण. बोटावर घेऊन वास घेतात आणि निकाल देतात.

छोट्या गाड्यांतून बायपास गेली. मोठ्या डिझेलमध्ये मात्र राहिली. १९६२ मध्ये पुण्यात कोथरूडला किर्लोस्कर-कमिन्स कंपनी सुरू झाली. कमिन्सच्या मोठ्या इंजिनांना, जी जनरेटरला, खाणीतल्या डंपरला लागतात, त्यांना फुल-फ्लोबरोबर वेगळी बायपास गाळणी असायची. पुढे एकाच डब्यात दोन्ही करायची युक्ती निघाली. दुसरी एक जात म्हणजे फिरकीची गाळणी: तेलाच्याच दाबानं एक वाटी हजारो फेऱ्यांनी फिरते आणि काजळी वाटीच्या भिंतीला चिकटून बसते, खरवडून काढायची. ताक घुसळण्यासारखंच, लोणी मात्र काळं. जहाजांत, ट्रकांत ती चालते. मागे कारण पैशाचं. छोट्या गाडीत चार लिटर तेल. जाऊ द्या, बदला. मोठ्या इंजिनात चाळीस लिटर असतं, तिथे तेल वाचवणं परवडतं.

अमेरिकेत हौशी लोकांनी मात्र बायपास सोडली नाही. तिथे पन्नाशीपासून एक गाळणी विकली जात होती, फ्रँट्झ नावाची, तिच्या डब्यात संडासातल्या कागदाची गुंडाळी बसवायची. अगदी खरं. गुंडाळीच्या थरांतून तेल झिरपतं. आपल्याकडे ती गुंडाळी मिळत नव्हती, आणि आपल्याला त्या कामालाही लागत नव्हती. (हशा) आपल्याकडे काय मिळत होतं? कापूस.

आता घरचं सांगतो.

माझा थोरला भाऊ मलकापूर-बुलढाणा रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा. दादा सातवी शिकलेला. मी पुढे शिकलो ते त्याच्या जीपवर, हे सरळ सांगतो. जीप मूळ पेट्रोलची. पेट्रोल परवडेना, तेव्हा त्या काळी सगळे करत होते तसं त्यानं पेट्रोल इंजिन काढून जुनं डिझेल इंजिन बसवून घेतलं. त्या इंजिनाला स्वतःची फुल-फ्लो गाळणी होती. पण दादाला जुन्या जीपच्या डब्याचा लोभ होता. डिझेलचं तेल लवकर काळं पडतं, तर हा डबाही लावू, तेल जास्त दिवस टिकेल. तेलाचे भाव तेव्हा त्याला फार लागायचे.

त्यानं लावला. जिथे तेलाच्या दाबाचा स्विच असतो तिथे टी काढला, तिथून तांब्याची नळी डब्याकडे, आणि डब्यातून परतीची नळी टॅपेट कव्हरकडे. आजही अशी किट बसवतात ती साधारण याच पद्धतीनं. फार तर मूळ गाळणी आणि इंजिन यांच्यामध्ये एक चकती घालून तिथून तेल घेतात, आणि तांब्याऐवजी जाळीदार होज वापरतात. दादानं केलं ते उत्तम केलं होतं. चार महिने चाललं.

१९८३ चा उन्हाळा. मी सुट्टीत घरी. तोवर मला डॉक्टरेट मिळालेली, नोकरी लागलेली, आणि सगळ्याच विषयांतलं आपल्याला कळतं असं वाटण्याचं ते वय. दादानं बॉनेट उघडून कौतुकानं दाखवलं. परतीच्या नळीच्या जोडात पितळेचा एक नट होता, त्याला आत अगदी बारीक भोक, सुमारे दीड मिलिमीटरचं. मी म्हटलं, दादा, एवढ्याशा भोकातून किती तेल येणार? दहावा हिस्सासुद्धा नाही. मोठं कर. जास्त तेल गाळलं जाईल.

दादा म्हणाला, ‘कंपनीनं काहीतरी समजूनच बारीक ठेवलं असन ना?’ मी त्याला तर्क दिला. मघाशी मिस्त्रींचा जो तर्कदोष सांगितला ना, तोच. दराला वाटा समजलो. दादा म्हणाला, ‘तुले पुस्तकातलं जास्त समजते.’ आणि त्यानं ड्रिल घेऊन भोक साडेचार मिलिमीटरचं केलं. आतलं काडतूस संपलं होतं, तेही नवीन आणायला वेळ नव्हता, लग्नसराई होती. जिनिंगमधून आणलेला कापूस आणि थोडं सूत डब्यात भरलं. मीच भरला, या हातांनी. हलक्या हातानं भरला, तेल नीट जावं म्हणून.

भोकाचा व्यास तिप्पट केला की क्षेत्रफळ नऊपट होतं. शाळेतलं गणित आहे. ते बारीक भोक म्हणजे कंजुषी नव्हती, तो पहारा होता. गाळणीत घट्ट माल असता तर त्यानं तरी तेल थोपवलं असतं. तिथेही मी सैल कापूस भरलेला. म्हणजे पंपाचं तेल बेरिंगांकडे जाण्याऐवजी सोपी वाट दिसेल तिकडे, बाजूनं निघून चेंबरमध्ये पडू लागलं. तेल थंड आणि घट्ट असेपर्यंत कळलं नाही. नऊ-दहा दिवसांनी मोताळ्याकडून बुलढाण्याला येताना, भर दुपारी, जीपमध्ये लग्नाची बारा माणसं, राजूर घाटात पुढे एक ट्रक रांगत होता. त्याच्यामागे जीप हळू झाली, तसा तेलाचा दिवा लुकलुकला. दादाला वाटलं, टीचा जोड हलल्यामुळे स्विचच खोटं बोलतोय. आधी एकदा तसं झालंही होतं. तो चालवत राहिला. वळणावर ठोके सुरू झाले, आणि घाटाच्या माथ्याच्या अलीकडे इंजिन जाम झालं. जीप मागे सरकली. दादानं हँडब्रेक ओढला, पोरांनी उड्या मारून दगड लावले. कोणाला काही झालं नाही. हे वाक्य मी फार सहज बोललो, पण ते किती थोडक्यात खरं ठरलं ते तिथे असणाऱ्यांना माहीत.

चेंबर उघडला तेव्हा मी हजर होतो. तेल ओढणाऱ्या जाळीवर कापसाचे तंतू चिकटलेले, काळे, एखाद्या उंदराच्या कातड्यासारखे. मोठ्या भोकातून सैल कापूस तेलाबरोबर वाहून चेंबरमध्ये गेला होता. म्हणजे दोन्ही कारणं जमली: तेल आडवाटेनं पळत होतं, आणि पंपाचा घसाही आवळला होता. बेरिंगं वितळून क्रँकला चिकटलेली. मिस्त्री म्हणाला क्रँक गेला. इंजिन पुन्हा बांधायला जो खर्च आला, त्यासाठी मायचे गोठ गेले आणि बहिणीचं लग्न एक वर्ष पुढे गेलं. मी पगारातून नंतर पैसे दिले. मायचे गोठ काही परत आले नाहीत.

दादा मला एका शब्दानं बोलला नाही. मिस्त्रीनं विचारलं, हे भोक कोणी मोठं केलं? दादा म्हणाला, ‘म्याच केलं.’ मी शेजारी उभा होतो. मी गप्प बसलो. मंडळी, मी तेहतीस वर्षं वर्गात नीतिशास्त्र शिकवलं.

(थोडा वेळ थांबून) हा तो नट. पुढच्या रांगेतून मागे द्या, बघा. दादा गेल्यावर त्याच्या हत्यारांच्या पेटीत सापडला. ते काठ बघा, ड्रिल किती वाकडं गेलंय. परत करा मात्र.

अध्यक्ष म्हणतात दहा मिनिटं प्रश्नांना ठेवा.

प्रश्न : सर, आजच्या नवीन गाडीला बायपास किट बसवावं का?

उत्तर : वॉरंटीतल्या गाडीला मुळीच नको; नळीचा एक जोड सुटला तर कंपनी हात वर करेल आणि बरोबरच करेल. शहरात थोडं फिरणाऱ्या पेट्रोल गाडीला गरज नाही. तेल वेळेवर बदला आणि हवेची गाळणी बघा. धूळ तेलात येते ती हवेच्या वाटेनं. दार उघडं ठेवून घर झाडण्यात काय अर्थ? रोज लांब पळणारी डिझेल गाडी असेल, तेल जास्त मावत असेल, तर विचार करण्यासारखं आहे. पण मग अंदाजानं नाही. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यायचा, किट लावण्याआधी एकदा आणि नंतर दर काही हजार किलोमीटरला. आणि दाब दाखवणारं काट्याचं मीटर लावा, नुसता दिवा नको.

प्रश्न : बायपास लावली की तेल बदलावंच लागत नाही, असं जाहिरातीत असतं.

उत्तर : मघाशी म्हटलं होतं लक्षात ठेवा. आम्ल गाळलं जात नाही. तेलातली जी रसायनं आम्ल मारतात, ती खर्च होतात आणि गाळणी ती परत देत नाही. काडतूस बदलताना जे लिटरभर नवं तेल पडतं, तेवढीच भरपाई. नागसेनानं मिलिंदाला रथाबद्दल विचारलं होतं, तसं थोडं थोडं बदललेलं हे तेल तेच का, असा प्रश्न विचारता येईल. पण बेरिंगाला त्यात रस नाही.

प्रश्न : जळकं तेल आम्ही दाराच्या चौकटींना, कुंपणाच्या लाकडांना लावतो, वाळवी लागत नाही. ते चालेल का?

उत्तर : वर्षानुवर्षं लावत आलो आपण, मीही लावलं. पण १९८९ पासून आपल्याकडे धोकादायक कचऱ्याचे नियम आहेत आणि वापरलेलं तेल त्यात येतं. त्यातले काही पदार्थ कर्करोगाला कारण होतात. विहिरीजवळ तर नकोच. डब्यात साठवा आणि अधिकृत घेणाऱ्याला द्या.

प्रश्न : त्या जीपचं पुढे काय झालं?

उत्तर : इंजिन बांधल्यावर दादानं आणखी चार वर्षं चालवली. डबा परत लावला त्यानं. नवीन नट आणला मुंबईहून, बारीक भोकाचा, आणि काडतूसही कंपनीचं. मी विचारलं, आता कशाला पुन्हा? तर म्हणाला, ‘गाळणीची काय चूक?’ मग नांदुऱ्याच्या एकानं घेतली. डब्यासकट.

नट परत आला का? हां, आला.